एकोणीस गोळ्या

काणकोणात चावडीवर माझी फार्मसी,
एका बाजूला सुक्या बांगड्यांचा वास, दुसऱ्या बाजूला अबोलीचा.
नोव्हेंबरात दोन जावा आल्या खोल्याहून,
सुकांती वेळीप आणि दर्शिनी वेळीप,
एकाच रिक्षातून, एकाच तापात.

डोंगरावर मिरची तोडताना
गवतातला किडा चावला होता, तिळाहून बारीक.
एकीच्या काखेत, दुसरीच्या गुडघ्यामागे
विडी विझवल्यासारखा काळा डाग.
डॉक्टरांनी डाग बघितले, स्क्रब टायफस म्हणाले.
ताप एक, चिठ्ठ्या दोन,
कारण दर्शिनीला पाचवा महिना होता.

ही सुकांतीची. डॉक्सिसायक्लिन, चौदा कॅप्सूल,
सकाळी एक, रात्री एक, जेवून.
पेलाभर पाणी प्यायचं, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही,
नाहीतर अन्ननलिकेत चिकटते
आणि छातीत निखारा ठेवल्यासारखं होतं.
दुधासोबत नको, दूध तिला वाटेत अडवतं.
आणि ऊन...
इथे मी अडखळलो.
मिरची वाळवणाऱ्या बाईला मी सांगत होतो,
उन्हात जाऊ नको, कातडी भाजेल.

ही दर्शिनीची. अझिथ्रोमायसिन, पाच गोळ्या, दिवसाला एक.
पोट ढवळेल, एखाद-दोन जुलाब होतील.
छातीत कधी धडधड? चक्कर?
घरात कुणाला हृदयाचं दुखणं?
"सासूला आहे," ती म्हणाली,
"पण दुखतं आम्हाला."

पाकिटांवर मी पेनाने खुणा केल्या.
एकावर सूर्य, त्यावर फुली.
दुसऱ्यावर काय काढावं सुचेना,
एक गोल पोट काढलं. तेही सूर्यासारखंच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शिनीचा नवरा दारात.
"एक गोळी द्या हो, कमी पडते."
कसली?
"कसलीही चालेल.
आई म्हणते, एका सुनेला चौदा, एकीला पाच,
लोक काय म्हणतील?
पट्ट्या सोडवून सगळ्या एका डब्यात घातल्या,
तर एकोणीस भरल्या.
वीस असत्या तर दहा-दहा झाल्या असत्या."
आणि रात्री?
"रात्री घेतली की दोघींनी, हाताला लागली ती."

भरल्या बाजारात शटर ओढलं.
चाळीस वर्षांत एवढी चढण मी स्कूटरला दिली नव्हती.

बिस्किटांचा डबा मागवून ओसरीवर ओतला.
कॅप्सूल बारा. गोळ्या पाच.
दोघींनी कॅप्सूलच घेतली होती.
काजूच्या झाडाखाली जरा रेंज येते,
तिथून डॉक्टरांना फोन लावला.
एकीने बहुधा काही बिघडत नाही, म्हणाले,
पण दुसरी देऊ नका, तिला माझ्याकडे पाठवा.

सासूबाई खांबाला टेकून बघत होत्या.
भाताचा डाव, लुगडं, कानातलं,
आयुष्यभर त्यांनी सगळं सारखं वाटलं होतं.
त्यांना मी काय समजावणार?
म्हटलं, पोटातल्या पोराचे दात पिवळे पडतात याने.
त्यांनी जिभेने आपले उरलेले दोन दात चाचपले
आणि डबा माझ्याकडे सरकवला.
"मग तूच वाट."

पंधरवड्याने सुकांती आली, ताप गेलेला,
कोपरापर्यंत हात लाल, साल निघालेली.
ढग येणार होते, मिरची काळी पडली असती,
म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालून उन्हात बसली म्हणे,
मग उकडलं, तेव्हा बाह्या सारल्या.
मी विचारलं, ही आग मिरचीची की गोळीची?
तिने हात उलटसुलट करून बघितले.
"मिरचीची मला ओळखीची आहे,"
ती म्हणाली, "ही कुणी दुसरीच."

जाताना कागदात बांधलेली मूठभर मिरची ठेवून गेली.
मला मूळव्याध. तरी ठेवून घेतली.

दर्शिनीची मुलगी आता सहा महिन्यांची आहे.
लशीच्या दिवशी दुकानात डोकावतात,
पोर काउंटरवर बसून माझं पेन चावते.
एकीने काही बिघडत नाही, डॉक्टर म्हणाले होते.
दात यायचेत अजून.
पेन सोडवून घेताना
मी उगाच हिरड्यांवरून बोट फिरवतो.